पॉवर ट्रान्सफॉर्मरमध्ये वेढे किती, हे ठरतं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, रिवाइंडिंगचं काम करणारे कारागीर, उपकेंद्रावरचे ऑपरेटर आणि नुसतं कुतूहल असणारे, अशा सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गणित आहे, पण गुणाकार-भागाकारापलीकडचं नाही. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

वेढ्यांची संख्या नेमकी कशावरून ठरते? व्होल्टेजच्या गुणोत्तरावरून ना?

गुणोत्तरावरून फक्त गुणोत्तरच कळतं. प्रायमरीला १०० वेढे आणि सेकंडरीला १० घ्या किंवा १०,००० आणि १,००० घ्या, व्होल्टेज दहा पटींनीच उतरेल. मग १०० की १०,०००? शाळेच्या पुस्तकातलं सूत्र इथे गप्प बसतं, आणि डिझायनरचं काम इथूनच सुरू होतं.

खरी गुरुकिल्ली म्हणजे एका वेढ्यात किती व्होल्ट तयार होतात हा आकडा. ट्रान्सफॉर्मरच्या एका लिंबवर (गाभ्याच्या, म्हणजे लोखंडी पत्र्यांच्या कोअरच्या, एका उभ्या खांबावर) बसलेल्या प्रत्येक वेढ्यात, मग तो एचव्हीचा (जास्त व्होल्टेजच्या बाजूचा) असो की एलव्हीचा (कमी व्होल्टेजच्या बाजूचा), व्होल्टेज जवळपास सारखंच तयार होतं, कारण सगळ्यांच्या आतून तोच फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) जातो. हा आकडा एकदा ठरला की वाइंडिंगच्या फेज व्होल्टेजला (त्या एका वाइंडिंगच्या दोन टोकांमधल्या व्होल्टेजला) त्याने भागायचं, वेढे मिळाले. सूत्र असं:

वेढ्यामागे व्होल्ट = ४.४४ × फ्रिक्वेन्सी × कमाल फ्लक्स घनता × गाभ्याचं निव्वळ क्षेत्रफळ

फ्रिक्वेन्सी आपल्याकडे ५० हर्ट्झ, ती बदलता येत नाही. फ्लक्स घनता गाभ्याच्या पत्र्यावर अवलंबून. सीआरजीओ पत्रा (गाभ्यासाठीचं खास सिलिकॉन स्टील) साधारण २ टेस्लाला संपृक्त होतो, त्यापुढे फ्लक्स फारसा वाढत नाही, म्हणून चालवायचा १.६ ते १.७३ टेस्लाच्या दरम्यान. म्हणजे डिझायनरच्या हातात खऱ्या अर्थाने एकच गोष्ट उरते: गाभा किती जाड घ्यायचा. गाभा जाड तर वेढे कमी, गाभा बारीक तर वेढे जास्त.

हा ४.४४ कुठून आला?

फ्लक्स साइन वेव्हसारखा बदलतो. त्याच्या बदलाचा कमाल वेग म्हणजे २π × फ्रिक्वेन्सी × कमाल फ्लक्स. तेच वेढ्यातलं कमाल व्होल्टेज. आपण व्होल्टेज आरएमएसमध्ये मोजतो, म्हणून √२ ने भागायचं. २π भागिले √२ म्हणजे ४.४४३. लाट चौकोनी असेल तर हाच आकडा ४ होतो, म्हणून स्वस्तातल्या इन्व्हर्टरचा ट्रान्सफॉर्मर काढताना ४.४४ आंधळेपणाने वापरू नये.

पण गाभ्याचं क्षेत्रफळ कळायला वेढे हवेत आणि वेढे कळायला क्षेत्रफळ हवं. मग सुरुवात कुठून करायची?

अंदाजापासून. त्यासाठी एक जुना, भरवशाचा ठोकताळा आहे:

वेढ्यामागे व्होल्ट = के × √केव्हीए

केव्हीए म्हणजे ट्रान्सफॉर्मरची क्षमता, आणि 'के' हा अनुभवाने ठरलेला आकडा. वर्गमूळ का, हे समजून घेण्यासारखं आहे. ट्रान्सफॉर्मरची क्षमता फ्लक्स आणि ॲम्पिअर-टर्न (करंट × वेढे) यांच्या गुणाकारावर चालते. फ्लक्स म्हणजे लोखंड, ॲम्पिअर-टर्न म्हणजे तांबं. क्षमता चौपट झाली तर शहाणा डिझायनर नुसतं लोखंड चौपट करत नाही. दोन्ही दुप्पट करतो. म्हणून फ्लक्स, आणि त्याबरोबर वेढ्यामागचे व्होल्ट, क्षमतेच्या वर्गमुळाने वाढतात.

'के'ची किंमत पाठ्यपुस्तकांत त्रिकला वितरण रोहित्रासाठी ०.४५, त्रिकला कोअर-टाइप (गाभ्याभोवती वाइंडिंग) पॉवर ट्रान्सफॉर्मरसाठी ०.६ ते ०.७ आणि सिंगल फेज शेल-टाइपसाठी (वाइंडिंगभोवती गाभा) १ ते १.१ अशी दिलेली असते. परीक्षेत तीच लिहा. कारखान्यात मात्र कोणी कोऱ्या कागदावर सुरुवात करत नाही. आधीच्या यशस्वी डिझाइनचा 'के' उचलतात आणि त्या महिन्याच्या तांब्याच्या भावाकडे आणि निविदेतल्या लॉसच्या अटींकडे बघून खाली-वर करतात. खरेदीदाराने नो-लोड लॉसला (लोड नसतानाही गाभ्यात वाया जाणाऱ्या विजेला) मोठी किंमत लावली असेल तर गाभा आवरता घ्यावा लागतो, 'के' खाली येतो.

एक पूर्ण उदाहरण सोडवून दाखवाल का?

दाखवतो, आणि सरळसोट न दाखवता जिथे अडतं तिथे थांबून दाखवतो. महाराष्ट्रात गावोगावच्या उपकेंद्रांत दिसतो तसा ट्रान्सफॉर्मर घेऊ: १० एमव्हीए (१०,००० केव्हीए), ३३/११ केव्ही, डीवायएन-११ (एचव्हीची तीन वाइंडिंग डेल्टात म्हणजे त्रिकोणात, एलव्हीची स्टारमध्ये म्हणजे एका टोकाला एकत्र जोडलेली), ५० हर्ट्झ. एचव्हीवर ऑन-लोड टॅप चेंजर (लोड चालू असतानाच वेढे कमी-जास्त करणारी यंत्रणा), अधिक ५ ते उणे १५ टक्के, १.२५ टक्क्यांची पायरी, एकूण १७ टॅप.

के = ०.४५ धरू (नो-लोड लॉस महाग आहे असं समजून). १०,००० केव्हीएचं वर्गमूळ १००, म्हणून वेढ्यामागे ४५ व्होल्ट.

एलव्ही स्टारमध्ये आहे. फेज व्होल्टेज ११,००० भागिले √३ = ६,३५१ व्होल्ट. त्याला ४५ ने भागलं की १४१.१. घ्या १४१. आता वेढ्यामागे नेमके ४५.०४ व्होल्ट झाले. एचव्ही डेल्टात आहे, फेजवर पूर्ण ३३,००० व्होल्ट. भागिले ४५.०४ = ७३२.७. घ्या ७३३.

गुणोत्तर तपासू. हवं ५.१९६२, मिळालं ७३३/१४१ = ५.१९८६. चूक ०.०५ टक्के. झकास. बहुतेक विद्यार्थी इथे पेन ठेवतात.

पण टॅप राहिले. १.२५ टक्के म्हणजे ७३३ वर ९.१६ वेढे. टॅपची पायरी ९.१६ वेढ्यांची कशी करणार? ९ घेतले तर सगळ्यात खालच्या टॅपवर १२ पायऱ्या × ९ = १०८ वेढे कमी होतात, उरतात ६२५. तिथे गुणोत्तर ४.४३२६ येतं, हवं होतं ४.४१६७. चूक ०.३६ टक्के. मर्यादेत (०.५ टक्के, पुढे येईल) बसतं, पण काठावर. काही पायऱ्या ९ च्या आणि काही १० च्या करता येतात; मग वाइंडिंग खात्यातल्या माणसाला कुठली पायरी कितीची हे लक्षात ठेवावं लागतं, आणि तिथेच चुका होतात.

म्हणून मागे फिरायचं. पायरी बरोबर ९ ची हवी असेल तर एचव्हीचे वेढे ७२० च्या आसपास हवेत. ७२० घेतले तर एलव्हीला १३८.५६ लागतात, म्हणजे बरोबर मधोमध अडकलो. एलव्ही १३९ धरून उलट जाऊ: १३९ × ५.१९६२ = ७२२.३. घ्या ७२२.

आता पाहा. मुख्य टॅपवर ७२२/१३९ = ५.१९४२, चूक ०.०४ टक्के. वरच्या टोकाला ७५८/१३९ = ५.४५३२, चूक ०.०५ टक्के. खालच्या टोकाला ६१४/१३९ = ४.४१७३, चूक ०.०१ टक्का. सगळ्या १६ पायऱ्या ९-९ वेढ्यांच्या. म्हणजे ६१४ वेढ्यांचं मुख्य वाइंडिंग आणि १४४ वेढ्यांचं टॅप वाइंडिंग. एलव्हीचे दोन वेढे कमी केले आणि सगळं जागच्या जागी बसलं.

याची किंमत काय मोजली? वेढ्यामागे व्होल्ट ४५.०४ वरून ४५.६९ झाले. १.७ टेस्ला राखायचे तर गाभ्याचं निव्वळ क्षेत्रफळ १,१९३ चौरस सेंटिमीटरवरून १,२११ करावं लागेल. ऐकायला मोठं वाटतं, पण गाभ्याच्या साधारण ४२ सेंटिमीटर व्यासात हा फरक जेमतेम ३ मिलिमीटरचा आहे. किंवा गाभा तोच ठेवून फ्लक्स १.७२५ टेस्लावर जाऊ द्यायचा. मग व्होल्टेज १० टक्के वाढलं की १.९० टेस्ला होतात, आणि मी तरी तिथे जाणार नाही. ३ मिलिमीटर द्यावेत.

शेवटचा पडताळा ॲम्पिअर-टर्नचा. एलव्ही: ५२५ ॲम्पिअर × १३९ = सुमारे ७२,९७०. एचव्ही: फेज करंट १०१ ॲम्पिअर × ७२२ = सुमारे ७२,९२०. जमलं.

३३/११ म्हणजे सरळ ३ पट. तुम्ही ५.१९६ कुठून आणलं?

नेमप्लेटवरचे आकडे लाइन व्होल्टेजचे (दोन लाइनमधल्या व्होल्टेजचे) असतात. वेढे फेज व्होल्टेज सोसतात. एक बाजू डेल्टा आणि दुसरी स्टार असली की मध्ये √३ घुसतो. दोन्ही बाजू स्टार असत्या तर ३ च आलं असतं. तोंडी परीक्षेत निम्मे लोक इथेच पडतात.

आधी एलव्हीचे वेढे का काढायचे?

कारण एलव्हीला वेढे कमी असतात आणि पूर्णांक करण्याचा फटका तिथे जास्त बसतो. वरच्या उदाहरणात एलव्हीचा एक वेढा म्हणजे ०.७ टक्के, एचव्हीचा एक वेढा म्हणजे ०.१४ टक्के. गावातल्या १०० केव्हीएच्या डीपीत (वितरण रोहित्रात) तर आणखी अवघड. ११,०००/४३३ व्होल्ट, के = ०.४५, वेढ्यामागे ४.५ व्होल्ट, एलव्ही फेज २५० व्होल्ट, म्हणजे ५५.६ वेढे. ५६ घेतले. तिथे एक वेढा म्हणजे जवळपास १.८ टक्के! मग एचव्हीचे वेढे त्यावरून ठरतात: ११,०००/२५० = ४४ पट, ५६ × ४४ = २,४६४. लहान आकडा आधी पक्का करायचा, मोठा आकडा त्याच्याशी जुळवून घेतो.

साडेपंचावन्न वेढे का नाही घ्यायचे? तार अर्ध्यावर बाहेर काढली की झालं.

तार लिंबभोवती कुठल्या बाजूने बाहेर आली याला महत्त्व नाही. गाभ्याच्या खिडकीतून ती किती वेळा गेली ते मोजलं जातं. एकदा गेली किंवा नाही गेली, मधलं काही नाही. डिस्क वाइंडिंगच्या (चपट्या चकत्यांच्या वाइंडिंगच्या) ड्रॉइंगवर 'दर डिस्कला ९ पूर्णांक १४/१६ वेढे' असलं काही दिसतं ते वेगळं. तिथे क्रॉसओव्हर (एका डिस्कमधून दुसरीत जाणारी तार) स्पेसरांच्या (डिस्कमधल्या ठोकळ्यांच्या) मधल्या गाळ्यात यावा म्हणून तसं करतात. पूर्ण वाइंडिंगची बेरीज पूर्णांकच येते.

वितरण रोहित्रावर ४३३ व्होल्ट लिहिलेलं असतं, घरात तर ४१५ च्या हिशेबाने येतं. वेढे चुकलेत का?

नाही. नेमप्लेटवरचं व्होल्टेज नो-लोडचं असतं आणि वेढेही त्यावरच काढतात. लोड आलं की आतल्या इम्पीडन्समध्ये (वाइंडिंगकडून करंटला होणाऱ्या अडथळ्यात) काही व्होल्ट पडतात. ती घट गृहीत धरून आधीच वर ठेवलंय.

वेढे कमी घेतले तर तांबं वाचेल. मग सगळेच कमी का घेत नाहीत?

तांबं वाचतं, लोखंड वाढतं. लोखंड वाढलं की नो-लोड लॉस वाढतो, आणि तो रात्रंदिवस, लोड असो नसो, चालू राहतो. उलट वेढे वाढवले तर गाभा लहान, नो-लोड लॉस कमी, पण तांबं जास्त आणि लोड लॉस जास्त. शेतीपंपांचा भार आठ तासच असतो, बाकी वेळ रोहित्र जवळपास मोकळं. तिथे नो-लोड लॉस कमी असलेलं डिझाइन बरं. कारखान्याच्या आत, पूर्ण भाराने चोवीस तास चालणाऱ्याचा हिशेब वेगळा.

दुसरी गोष्ट लोक विसरतात ती इम्पीडन्सची. मांडणी आणि उंची तीच ठेवली तर टक्केवारीतला रिॲक्टन्स (इम्पीडन्सचा मुख्य भाग) वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वरच्या उदाहरणात एलव्हीचे १४१ चे १३९ केले तेव्हा इम्पीडन्स सुमारे ३ टक्क्यांनी खाली आला, म्हणजे ८.३५ टक्के असता तर ८.१ टक्क्यांच्या आसपास. दोन वेढ्यांत एवढा फरक! निविदेत दिलेला इम्पीडन्स पाळायला मग एचव्ही-एलव्ही मधली फट किंवा वाइंडिंगची उंची बदलावी लागते. इम्पीडन्स फार घसरला तर शॉर्ट सर्किटचा करंट वाढतो आणि वाइंडिंगवर येणारं बल करंटच्या वर्गाने वाढतं. म्हणून वेढे काढणं हे एकदाच करायचं गणित नाही. क्षेत्रफळ, वेढे, इम्पीडन्स, लॉस, किंमत असं चक्र फिरत राहतं. आता हे सॉफ्टवेअर क्षणात करतं. पण ७३३ सोडून ७२२ कडे का जायचं, हे माहीत असलेला माणूसच त्याच्याकडून नीट काम करून घेतो.

गुणोत्तरात किती चूक चालते?

आयएस २०२६ (भारतीय) आणि आयईसी ६००७६ (आंतरराष्ट्रीय) या मानकांप्रमाणे मुख्य टॅपवर ±०.५ टक्के, किंवा प्रत्यक्ष टक्केवारी इम्पीडन्सचा एक दशांश, यांतलं जे कमी असेल ते. ३३/११ केव्हीच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरला ०.५ लागू होतं. ४.५ टक्के इम्पीडन्सच्या लहान रोहित्राला मर्यादा ०.४५ होते. समांतर चालणाऱ्या दोन ट्रान्सफॉर्मरांत गुणोत्तर थोडं जरी वेगळं असलं तरी दोघांत विनाकारण करंट फिरत राहतो, त्यासाठी ही काटेकोरी.

अमेरिकेतून आणलेलं उपकरण इथे चालवायचंय. व्होल्टेज उतरवून दिलं की पुरे ना?

आत लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर असेल तर पुरे नाही. तिथे ६० हर्ट्झ आहेत. त्यांचे वेढे ६० हर्ट्झसाठी काढलेले. त्याच वेढ्यांवर तेच १२० व्होल्ट ५० हर्ट्झने दिले की फ्लक्स २० टक्क्यांनी वाढतो: १.७ चे २.०४ टेस्ला. गाभा संपृक्त, करंट भरमसाट, ट्रान्सफॉर्मर गरम. नेमप्लेटवर '५०/६०' लिहिलं असेल तर काळजी नाही.

रिवाइंडिंगवाल्याने वेढे कमी केले तर टेस्टिंगमध्ये सापडतं का?

टीटीआरने (वेढ्यांचं गुणोत्तर मोजणाऱ्या चाचणीने) सापडत नाही. हे नीट समजून घ्या, कारण जळालेली डीपी दुरुस्त होऊन आली की बहुतेक ठिकाणी टीटीआर आणि मेगर (इन्शुलेशनची चाचणी) बघून सही होते.

समजा वरच्या १०० केव्हीए रोहित्रात एलव्हीला ५६ ऐवजी ५२ आणि एचव्हीला २,४६४ ऐवजी २,२८८ वेढे भरले. २,२८८ भागिले ५२ बरोबर ४४. टीटीआर अगदी देखणा येईल. तांबं ७ टक्के वाचलं. पण गाभा तोच असल्याने फ्लक्स ५६/५२ पटीने वाढला: मूळ १.६ टेस्लाचं डिझाइन असेल तर आता १.७२. नो-लोड लॉस वाढला, घूं घूं आवाज वाढला, आणि रात्री व्होल्टेज चढलं की नो-लोड करंट उसळतो. हे पकडायची चाचणी एकच: एलव्हीला रेटेड व्होल्टेज देऊन नो-लोड लॉस आणि करंट मोजणे, जमल्यास ११० टक्के व्होल्टेजलाही. दुरुस्तीच्या करारात ही चाचणी लिहून घेतली नसेल तर नंतर भांडून उपयोग नाही.

जुन्या रोहित्राचे वेढे मोजायचेत, कागदपत्रं नाहीत. कॉइल न उसवता कळेल का?

कॉइल शाबूत असेल तर कळेल. बाहेरून, त्या लिंबवरच्या पूर्ण कॉइल संचाभोवती इन्शुलेटेड वायरचे मोजून १० वेढे घाला. डेल्टाची जोडणी सोडा. आता २३० व्होल्ट एचव्ही कॉइलला द्या आणि १० वेढ्यांच्या टोकांना चांगला मल्टिमीटर लावा. वरच्या १०० केव्हीएच्या उदाहरणात तिथे ०.९३३ व्होल्ट दिसतील, म्हणजे वेढ्यामागे ०.०९३३. २३० भागिले ०.०९३३ म्हणजे सुमारे २,४६५. एलव्हीवर त्याच वेळी ५.२ व्होल्ट येतील, त्यावरून ५६.

सप्लाय एलव्हीला देण्याचा मोह होतो, कारण रीडिंग मोठं येतं. करू नका. २३० व्होल्ट एलव्हीला दिले की एचव्हीच्या उघड्या टोकांवर २३० × ४४ = १०,१२० व्होल्ट उभे राहतात. टाकी उघडी, तेल काढलेलं, माणूस शेजारी वाकलेला. यात जीव जातो.

कॉइल जळालेली असेल तर उसवूनच मोजायला लागतं. एचव्हीच्या एका लिंबवर सहसा चार-सहा वेगळ्या कॉइल असतात. चार असतील तर २,४६४ चे ६१६-६१६. त्यातली एक तरी धड उसवता आली की बाकीच्यांचा अंदाज येतो, पण सगळ्या सारख्याच असतील असं धरून चालू नका. एलव्हीचे वेढे पट्टीचे असतात, ते डोळ्यांनी मोजता येतात. दोन माणसांनी वेगवेगळे मोजावेत.

तांब्याऐवजी ॲल्युमिनियम वापरलं तर वेढे बदलतात का?

सूत्रात धातू कुठेच नाही, म्हणून वेढे काढायची रीत तीच. तेवढाच रेझिस्टन्स हवा असेल तर पट्टीचा छेद साधारण १.६ पट लागतो, त्याने खिडकी मोठी होते, आणि मग डिझायनर पुन्हा एकदा गाभ्याचा व्यास फिरवून बघतो.

स्टॅबिलायझरचा लहान ट्रान्सफॉर्मर घरी करायचाय. त्यासाठी सोपं सूत्र?

लहानात उलट बोलतात: व्होल्टमागे किती वेढे. ५० हर्ट्झ आणि १ टेस्लाला व्होल्टमागे वेढे = ४५ भागिले गाभ्याचं क्षेत्रफळ, चौरस सेंटिमीटरमध्ये. बाजारातला साधा पत्रा चांगल्या प्रतीचा असेल आणि १.२ टेस्ला धरायचे तर ४५ ऐवजी ३७.५. मधली जीभ (गाभ्याचा मधला पाय, ज्यावर वेढे बसतात) ५ × ४ सेंटिमीटरची असेल तर १ टेस्लाला व्होल्टमागे सव्वादोन वेढे, २३० व्होल्टला ५१८. सेकंडरीला मात्र हिशेबापेक्षा ४-५ टक्के जास्त वेढे भरा, कारण लहान ट्रान्सफॉर्मरमध्ये तारेतच बरेच व्होल्ट पडतात. आणि पहिल्यांदा सप्लाय देताना १०० वॉटचा जुना बल्ब सिरीजमध्ये लावा. बल्ब लख्ख पेटला तर प्लग काढा आणि वेढे परत मोजा.